बुफेतले दूधवर्ज्य ताट



परभणीत 'शुद्ध शाकाहारी' पाटी असलेल्या बुफेत व्हीगन माणसाला मांस-अंड्याची काळजी नसते. अडचण असते ती दुधाची. आपल्याकडच्या अन्न-लेबलांच्या नियमांत प्राणिजन्य पदार्थ मांसाहारी धरले आहेत, मात्र दूध आणि दुधाचे पदार्थ त्यातून वगळले आहेत. म्हणून पनीर, तूप, खवा यांच्या पाकिटांवरही हिरवा ठिपकाच असतो. व्हीगन पदार्थांसाठी स्वतंत्र नियम २०२२ मध्ये आले. त्यांचे चिन्ह पाकिटावर सापडते, बुफेतल्या पातेल्यावर नव्हे.

पनीर डोळ्यांना दिसते, त्यामुळे ते टाळणे सोपे. फसवणूक न दिसणाऱ्या दुधाची. दालवर वरून सोडलेले बटर, कोफ्त्याच्या रश्श्यातली मलई, नानच्या पिठातले दही, पुलावातले तूप, टोमॅटो सूपमधले लोणी. फुलका तर टेबलावर येता येता तुपाचा हात घेऊनच येतो. एकूण, पातेल्याचे नाव जितके 'पंजाबी', तितका संशय अधिक धरावा.

मराठवाडी पदार्थ जिथे मांडलेले असतात, तिथे व्हीगन माणसाचे पोट खरे भरते. ज्वारीची भाकरी म्हणजे पीठ आणि पाणी, फार तर चिमूटभर मीठ. ज्वारी हे तर या जिल्ह्याचे हक्काचे धान्य. १९७२ साली स्थापन झालेल्या इथल्या कृषी विद्यापीठाने 'परभणी मोती' आणि 'परभणी शक्ती' हे ज्वारीचे वाण दिले, शिवाय 'परभणी कुसुम' हा करडईचा. भाकरीसोबत पिठलं, ठेचा, शेंगदाण्याची चटणी, भरली वांगी, येसर आमटी हे सारे मुळात तेलाच्या फोडणीचे. तरी डोळे मिटून वाढून घेऊ नये. पिठलं कधी ताकातले असते, धपाट्यांचे पीठ दह्यात भिजवलेले असू शकते, भरितात आणि कोशिंबिरीत दही घालण्याची पद्धत आहेच. वरण साधे असले तरी वाढताना वर तूप पडते. ते आधीच नको म्हणावे.

'हे व्हीगन आहे का?' असे विचारल्यास बहुधा 'सगळं प्युअर व्हेज आहे' हेच ऐकायला मिळते. त्यात वाढप्याचा दोष नाही. प्रश्नच त्याच्या कामाचा नाही. 'यात दूध, दही, तूप, लोणी, मलई, खवा काही घातलंय का? तेलात केलंय की तुपात?' असे जिन्नसवार विचारावे, आणि शक्यतो आचाऱ्याला, गर्दी होण्याआधी. 'जैन जेवण' मागून हा प्रश्न सुटत नाही. त्यात कांदा, लसूण आणि कंदमुळे वर्ज्य असतात, दूध-तूप नव्हे. लवकर जाण्याचा आणखी एक फायदा असा, की तोवर पनीरचा डाव उसळीत बुडालेला नसतो.

गोडाच्या टेबलाकडे फारशी आशा ठेवू नये. गुलाबजाम खव्याचे, बासुंदी-श्रीखंड उघडच बाद, शिरा तुपातला, जिलेबीच्या पिठातही दही असू शकते. फळे कापून ठेवली असतील तर ती घ्यावीत. हिवाळ्यात हुरड्याचे बेत असतात. तिथे दह्याची वाटी बाजूला सारली की गरम हुरडा, शेंगदाण्याची चटणी आणि गूळ मनसोक्त खाता येतो.

लग्नाच्या बुफेत यजमानाला आदल्या दिवशी एक फोन केलेला बरा. ऐन मांडवात चौकशी सुरू केली की घरची माणसे उगाच ओशाळतात. हॉटेलात मात्र पैशाचा हिशेब वेगळा. बुफेचा दर पनीर आणि मिठाया धरून लावलेला असतो, आणि व्हीगन माणूस नेमके तेच सोडतो. म्हणून पैसे देण्यापूर्वी पातेल्यांवरून एक नजर फिरवावी. भाकरी-पिठल्यासारखे काही दिसले नाही, तर बुफे सोडून तेलातली एखादी भाजी, साधा भात आणि बिनातुपाची रोटी सुटी मागवावी.