पहिलं अंडं कितीला पडलं?

आमच्या परसात पहिलं अंडं पडलं ते एप्रिल २०२१ मध्ये. आईनं ते पदराला पुसून देवापुढं ठेवलं आणि मी वही घेऊन पडवीत बसलो. बावीस वर्षं मुंबईत एका पेढीवर हिशेब लिहिण्यात गेली, सवय जात नाही. खुराडं साडेअकरा हजार, पिल्लं साडेसतराशे, खाद्य सहा हजार नऊशे, औषधं-दिवा साडेसहाशे. शिमग्याला विकलेल्या सहा कोंबड्यांचे चोवीसशे वजा केले. देवापुढचं ते अंडं मला अठरा हजार चारशे रुपयांना पडलं होतं.

आईला आकडा सांगितला नाही. तिनं चाळीस वर्षं कोंबड्या पाळल्या, कधी एक पै हिशेबाला लावली नाही आणि कधी तोट्यातही गेली नाही. ती अडाणी आणि मी शहाणा, असं धरून मी सुरुवात केली, तिथंच सगळं चुकलं.

२०२० च्या मे महिन्यात नोकरी सुटून आम्ही संगमेश्वर तालुक्यातल्या आमच्या वाडीवर आलो. माझ्यासारखे चाकरमानी त्या वर्षी घरटी एक होते आणि निम्म्यांच्या डोक्यात कोंबड्या होत्या. हाताशी पंधरा हजार. त्यातले साडेअकरा मी खुराड्यावर घातले. लोखंडी पाइप, जाळी, वर निळा पत्रा. खुराडं इतकं देखणं झालं की लोक बघायला येत. उरलेल्या पैशांत पिल्लं आली, आणि खाद्याला जेमतेम दीड-पावणेदोन हजार राहिले. पुढचं सगळं खाद्य उधारीवर. नव्यानं सुरू करणाऱ्याला मी आज पहिली गोष्ट हीच सांगतो: हातातल्या पैशांचे निम्मे खाद्याला बाजूला काढा आणि मग उरलेल्यात खुराडं बसवा. एक पिल्लू अंड्यावर येईपर्यंत पाच-सहा महिने जातात. सगळं पोत्यातलंच घातलं तर तेवढ्या काळात ते सात-आठ किलो खाद्य फस्त करतं. मला किलोला बत्तीस रुपये पडत. म्हणजे पस्तीस रुपयांचं पिल्लू अंडं देईपर्यंत पावणेतीनशेचं होतं. दारावर पिल्लं विकायला येणारा टेम्पोवाला हे सांगत नाही.

त्या देखण्या खुराड्यात जमिनीलगत चार बोटांची फट राहिली होती. मुंगसाला तेवढी पुरते. एका रात्री चार पिल्लं गेली. खाल्लं एकच, बाकीची नुसती मान तोडून टाकलेली. दुसऱ्या दिवशी मांगराच्या पडक्या भिंतीतले जांभ्याचे जुने चिरे आणून खालून रांग लावली. खर्च शून्य. आईचं खुराडं पहिल्यापासून चिऱ्यांचंच होतं, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं.

पण खरा घाव लसीनं घातला, म्हणजे न दिलेल्या लसीनं. राणीखेतची लस पिल्लाला पहिल्या आठवड्यात डोळ्यात थेंबानं देतात, महिन्याभरानं परत, आणि दोन महिन्यांची झाली की पंखाखाली टोचतात. बाटली शंभर मात्रांची येते आणि एकदा कालवली की तास-दोन तासांत संपवावी लागते, उरलेली फेकायची. माझी पिल्लं पन्नास. निम्मी बाटली गटारात ओतायची हे माझ्या हिशेबी डोक्याला पटेना. पुढच्या खेपेला बघू म्हटलं. डिसेंबरात एका सकाळी एक तलंग मान वाकडी करून गोल गोल फिरताना दिसली. हिरवट-पांढरी हगवण, चोच उघडी. आई म्हणाली, "मानमोडी आली." सहा दिवसांत शेहेचाळिसातली एकोणीस गेली. ते मी सोसलं असतं. पण माझ्या पिल्लांनी आणलेली मानमोडी आईच्या जुन्या खुराड्यातही शिरली. तिच्या सात गावठी कोंबड्यांपैकी पाच गेल्या. त्यात तिची ती तुरेवाली कबरी होती, जी दरवर्षी दोनदा खुडूक बसून पिल्लं काढायची. परसाच्या टोकाला खोल खड्डा खणून चुना घालून पुरताना आई एक शब्द बोलली नाही.

ती बाटली एका कोंबड्याच्या निम्म्या किमतीचीही नव्हती. आता आम्ही चार घरं मिळून एक बाटली आणतो. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात आधी विचारून दिवस ठरवायचा, बर्फ घातलेल्या थर्मासमधून आणायची आणि संध्याकाळी कोंबड्या खुराड्यात शिरल्या की घरोघर फिरून तासाभरात संपवायची. वाट्याला चाळीस-पन्नास रुपये येतात. गरिबाला परवडणारी लस ती हीच, शेजाऱ्याबरोबर वाटून घेतलेली.

आता खाद्य. पोत्याचा खर्च झेपेना म्हणून मी एकदा पोतं बंदच केलं. गिरणीतून भाताचा कोंडा आणि कणी आणली, जवळजवळ फुकट. बारा तलंगा तेव्हा रोज सात-आठ अंडी देत होत्या. पंधरा दिवसांत तीनवर आल्या. कोंड्यानं पोट भरतं, पण अंड्याला प्रथिनं लागतात. मग कुणीतरी सुकटीचा चुरा घाला म्हणून सांगितलं. बाजारात तळाला उरलेला चुरा स्वस्तात मिळाला, तो तसाच मूठमूठ टाकला. त्यातल्या मिठानं कोंबड्या नुसत्या पाण्यावर तुटून पडल्या आणि पातळ हगायला लागल्या. खारवलेली मासळी घालायची तर दोन पाण्यांतून धुऊन, आणि तीही चवीपुरती. आईनं हे मला आधी सांगितलं होतं का? सांगितलं होतं.

आज जे चालतं ते असं आहे. सकाळी उपाशी सोडायच्या. परसभर, उकिरड्यावर, माडाखाली त्या किडा-मुंगी, वाळवी, गवत टिपतात. दुपारी शेवग्याचा पाला, घरचं शिळंपाकं. संध्याकाळी खुराड्यात घेताना पोत्यातलं खाद्य, कोंबडीमागे पन्नास-साठ ग्रॅम, म्हणजे पूर्ण खुराकाच्या साधारण निम्मं. तिसऱ्यांच्या शिंपल्या चुलीत भाजून, कुटून एका करवंटीत कायमच्या ठेवलेल्या असतात. अंड्याचं कवच पातळ झालं तरी बाजारातून काही आणायची गरज नाही. खाद्याचं भांडं कोंबडीच्या पाठीच्या उंचीला टांगलंय आणि ते एक तृतीयांशच भरतो. काठोकाठ भरलं की चोचीनं उडवून निम्मं खाली सांडतात आणि मग आपण कोंबड्या नव्हे, उंदीर पोसतो.

पावसाळ्याचं मात्र वेगळं. कोकणातल्या जूनमध्ये पोत्याला आठ दिवसांत ओल येते. बुरशी धरलेलं खाद्य "वाया जातंय" म्हणून घालू नका, त्या बुरशीच्या विषानं कोंबड्या मरतात. स्वस्त मिळतंय म्हणून दोन पोती मारून ठेवायची हौस मेपर्यंतच. पुढं एकच पोतं, झाकणाच्या पिंपात, जमिनीपासून वर फळीवर. खाली अंथरलेला तूस ओला झाला की लगेच काढायचा, नाहीतर पिल्लांना रक्ती हगवण लागते.

आणि आता माझ्या गळ्यात पडलेल्या नऊ नरांबद्दल. ही गोष्ट सांगताना सौ. अजून हसते. पिल्लं घेताना नर-मादी निवडता येत नाही, त्यामुळे निम्मे नर निघणारच. माझ्याकडं सत्तावीस वाचली त्यात पंधरा कोंबडे. जानेवारी २०२१ मध्ये परभणीकडं बर्ड फ्लू निघाला आणि इकडंही गिऱ्हाईक बिचकलं. शिमग्याला सहा गेले. उरलेल्या नऊंना गटारीला चांगला भाव येईल म्हणून थांबलो. चारशेला मागत होते, मी पाचशेवर अडून बसलो. शेवटच्या दिवशी झक मारत येतील, असा माझा अंदाज. ८ ऑगस्टला गटारी झाली, कुणी आलं नाही, आणि दुसऱ्या दिवशी श्रावण लागला. पुढं गणपती. विसर्जन होईपर्यंत आमच्या वाडीत कोंबड्याकडं कुणी ढुंकून बघत नाही. चाळीस दिवस ते नऊ जण रोज किलोभर खाद्य खात, पहाटे चारला आरवत आणि एकमेकांशी भांडत राहिले. चौदाशे रुपयांचं खाद्य गेलं आणि शेवटी विकले ते साडेतीनशेनं.

आमच्याकडं कोंबडा विकला जातो तो पंचांगावर: देवाची राखण, शिमगा, गटारी. यातली कुठली तारीख जवळ आहे ते बघून पिल्लं काढायची आणि आदल्या आठवड्यात मिळेल त्या भावाला मोकळं व्हायचं. दहा-बारा कोंबड्यांमागे एक कोंबडा पुरे, तोही पिल्लं काढायची असतील तर. नुसती अंडी हवीत तर त्याचीही गरज नाही.

हाच हिशेब म्हाताऱ्या कोंबडीला लागतो, फक्त तिथं जीव गुंतलेला असतो. पोत्यावर पोसलेली कोंबडी दिवसाला साडेतीन रुपयांचं खाते. सुधारित जातीची, वर्षाला दीडशे अंडी देणारी असेल तर एका अंड्यामागे साडेआठ रुपये खाद्याचे. आमच्याकडं गावठी म्हणून बारा रुपये मिळतात, काहीतरी उरतं. पण तीच दोन-अडीच वर्षांची होऊन सत्तर अंड्यांवर आली, तर तेच अंडं अठरा रुपयांना पडतं. आईच्या गावठी कोंबड्याही सत्तरच्या आसपासच द्यायच्या. पण त्या विकतचं काही खात नव्हत्या, आपली पिल्लं आपण काढत होत्या, दिवा नाही, पोतं नाही. मी गावठीला पोत्यावर बसवायला निघालो होतो आणि सुधारितला उकिरड्यावर जगवायला. दोन्हीकडून मार खाल्ला.

म्हणून सुरुवात दहा-बारापासून करा, आणि एखादी खुडूक बसणारी गावठी ठेवा. दहा-बारा अंडी तिच्याखाली ठेवली की एकवीस दिवसांत पिल्लं येतात, तीच ऊब देते, तीच चरायला शिकवते. पिल्लं विकत घ्यायचीच तर दारावरच्या टेम्पोकडून नको. पशुसंवर्धन खात्याच्या उबवणी केंद्रात किंवा ओळखीच्या ठिकाणी चौकशी करा, जात कोणती आणि लस कोणती दिली ते विचारून घ्या. आणि नवी पिल्लं पंधरा दिवस जुन्या कोंबड्यांपासून लांब ठेवा. माझ्या आईच्या पाच कोंबड्या या एका वाक्यापायी गेल्या.

आज आमच्याकडं चौदा आहेत, तेरा कोंबड्या आणि एक कोंबडा. गेल्या महिन्यात खाद्याला सातशे वीस लागले. अंड्यांचे घरी खाऊन तेराशे आले. साडेअकरा हजारांच्या खुराड्यात सध्या लाकडं आहेत. कोंबड्या आईच्या चिऱ्याच्या खुराड्यात बसतात.