लहान वायनरीची अभ्यासभेट व वाइनची पारख

नाशिक, सांगली, सोलापूर व पुणे या जिल्ह्यांतील द्राक्षबागायतदार आपला बहुतेक माल खाण्यासाठी अगर बेदाण्यासाठी पिकवितात. वाइनच्या जातींखालील क्षेत्र त्या मानाने फारच थोडे आहे. तथापि आपणही वाइनद्राक्षे लावावीत काय, अशी विचारणा करणारे बागायतदार दरसाल भेटतात. अशा बागायतदारास जमाखर्चाचे आकडे सांगण्यापूर्वी एका कुटुंबाच्या मालकीच्या लहान वायनरीत नेऊन आणावे, अशी ग्रामकार्यकर्त्यांना सूचना आहे. मोठ्या कारखान्यात पाहुण्यांना फिरविणारा मनुष्य वेगळा असतो व बाग सांभाळणारा वेगळा. लहान वायनरीत ज्या हाताने छाटणी केली तोच हात टाकीची तोटी उघडतो. सबब बागेतील कोणत्या कामाचे फळ पेल्यात कसे उतरले, हे एकाच माणसास विचारता येते.

मद्यपानाचा प्रसार करणे हा या लेखाचा हेतू नव्हे, हेही आरंभीच सांगणे बरे. आपल्या राज्यात १९४९ चा दारूबंदी अधिनियम लागू आहे आणि वायनरी राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या परवान्याखाली चालते. पारख करणारा जाणकार वाइन पीत नाही. घोटभर तोंडात घोळवितो व पिकदाणीत टाकून देतो. ज्यांच्या गळ्यात माळ आहे त्यांनी पेला ओठास लावण्याचेही कारण नाही. वाइनचे बहुतेक दोष नाकानेच कळतात, आणि उरलेले बरेचसे बागेतील मणी चाखून कळतात. गेल्या फेब्रुवारीत दिंडोरी तालुक्यातील अशाच एका वायनरीस चौदा बागायतदारांसह जाण्याचा योग आला. त्यांत तिघे माळकरी होते, आणि गंधकाचा वास प्रथम त्यांच्यापैकीच एकाने ओळखला. ती हकीगत पुढे येईल.

भेटीचा आरंभ नेहमी बागेपासून करावा. खाण्याच्या द्राक्षांत मुरलेल्या बागायतदारास वाइनची बाग प्रथमदर्शनी आबाळलेली वाटते. घड लहान, मणी वाटाण्याएवढे, आत बिया. "हा माल बाजारात नेला तर व्यापारी हसेल," असे आमच्यातील एकजण म्हणालाच. परंतु शिराज, कॅबर्ने सोव्हिन्याँ या जातींचा रंग, तुरटपणा व बराचसा सुगंध सालीत असतो. मणी जितका लहान तितके वजनाच्या मानाने सालीचे प्रमाण अधिक. म्हणून थॉमसनच्या घडास आपण मणी फुगविण्यासाठी जिबरेलिक आम्लाचे जे द्रावण देतो, ते येथे वर्ज्य. पाणीही हात राखून द्यावयाचे. खाण्याच्या द्राक्षांचे एकरी दहा टन उत्पन्न काढणारा बागायतदार शाबासकीस पात्र ठरतो; वाइनच्या बागेत एकरी पाच टनांच्या आसपास थांबावे लागते व वरचे घड स्वतःच्या हाताने काढून टाकावे लागतात. हे मनास पटणे कठीण. पेल्यापर्यंत गेल्यावरच ते पटते.

बागेतच रिफ्रॅक्टोमीटरने साखर पाहावी. पांढऱ्या वाइनसाठी साधारण २१ ते २२ ब्रिक्स व तांबड्यासाठी २३ ते २४ ब्रिक्स झाल्यावर तोड करतात. ब्रिक्सला ०.५५ ने गुणले असता तयार वाइनमधील मद्यार्काचे शेकडा प्रमाण अदमासे मिळते; म्हणजे २३ ब्रिक्सच्या रसापासून सुमारे साडेबारा टक्के. पण केवळ साखर पाहून तोड ठरविणे म्हणजे एका डोळ्याने पाहणे होय. आपल्याकडे तोड जानेवारी ते मार्चमध्ये, म्हणजे चढत्या उन्हात येते. साखर वाढत असताना आम्लता झपाट्याने उतरते. सामू ३.६ च्या वर गेला की वाइन चवीस मिळमिळीत होते आणि टिकतही नाही. पालाश अधिक दिल्यानेही रसाचा सामू चढतो. वजन व गोडीसाठी पालाशाची सढळ मात्रा देणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावे. तांबड्या जातीचा मणी चाखताना बी चावून पाहावी. हिरवी, कडवट व चिवट बी असल्यास फळ अपक्व समजावे. तपकिरी बी दाताखाली कटकन फुटते.

यानंतर पेल्याकडे वळावे. त्या दिवशी सकाळपासून तंबाखू, पान, कच्चा कांदा व अत्तर वर्ज्य करण्यास मंडळींना आधीच बजावावे. तंबाखूचा बार भरून पारखीस बसणे म्हणजे धुरात डोळे उघडून अक्षरे वाचणे होय. क्रम पांढऱ्याकडून तांबड्याकडे, कोरड्याकडून गोडाकडे असावा. पेला एकतृतीयांशच भरावा व पांढऱ्या कागदासमोर तिरपा धरून रंग पाहावा. वाइन निवळ असावी. पांढरी वाइन कोवळी असून तपकिरी झाली असेल, तर तिला हवा लागली असे समजावे. मग पेला फिरवून वास घ्यावा. दोन वेळा घ्यावा, मधे एकदा स्वतःच्या बाहीचा वास घ्यावा. नाक ताजे होते. शेवटी घोट तोंडात घोळवून जिभेच्या कडांना आंबटपणा, मद्यार्काची ऊब व हिरड्यांना तुरटपणा किती जाणवतो ते पाहावे व घोट टाकून द्यावा.

आमच्या यजमानांनी शेनँ ब्लाँ या पांढऱ्या जातीचे दोन पेले शेजारी मांडले. जात एक, साल एक, टाकीतील रीतही एक. पहिला पेला घड विरळ केलेल्या तुकड्याचा. दुसरा घरातील आजारपणामुळे विरळणी राहून गेलेल्या तुकड्याचा. पहिल्यात पेरूसारखा वास व खुसखुशीत आंबटपणा होता. दुसऱ्यास वास बेताचा, आणि चव आमच्या मंडळींच्या शब्दांत सांगावयाची तर पांचट. एकरी पाच टनांचे व्याख्यान मी यापूर्वी अनेकदा दिले आहे. या दोन पेल्यांनी ते पाच मिनिटांत दिले.

त्यानंतर त्यांनी शिराजची एक टाकी दाखविली. तीत सडक्या अंड्याचा वास होता, आणि तो ओळखणारे आमचे माळकरी मित्र म्हणाले, "हा तर गंधकाचा." निदान अचूक होते. भुरीसाठी मारलेले गंधक तोडीच्या तोंडावर घडांवर राहिले, तर किण्व म्हणजे यीस्ट त्याचे हायड्रोजन सल्फाइड करते. रसात नत्र कमी पडले तरी हाच वास येतो. परंतु या तुकड्यावर उशिरा धुरळणी झाल्याची नोंद घरच्या सुनबाईंनी ठेवलेल्या वहीत होती. तोडीपूर्वी निदान चार-पाच आठवडे गंधक बंद ठेवावे, असा त्यांचा आता नियम आहे. बुरशीनाशकांचे अवशेषही किण्वास मारतात व आंबविण्याची क्रिया अर्ध्यावर थांबते. खाण्याच्या मालात अवशेषांची तपासणी निर्यातीसाठी होते. येथे ती टाकीच करते.

इतर दोषांची कुळेही अशीच बागेपर्यंत लावता येतात. ढोबळी मिरचीचा उग्र वास आल्यास पानांची गर्दी होऊन घड सावलीत राहिले किंवा तोड लवकर झाली असे समजावे. सिरक्याचा वास आल्यास फुटके मणी, उन्हात तापलेले क्रेट अगर अर्धवट भरलेली टाकी यांपैकी एकाचा संशय घ्यावा. म्हणूनच तोड पहाटे करून वीस किलोपेक्षा मोठे क्रेट न वापरता माल तासा-दोन तासांत वायनरीत पोहोचवितात. नाकारलेला, फुटका थॉमसन वायनरीच्या दारात टाकता येईल, या समजुतीने कोणी भेटीस आला असेल तर तिचे निरसन येथेच होते.

तळघरातील यंत्रांविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. पांढऱ्या वाइनसाठी साली लगेच वेगळ्या करून रस थंड टाकीत, सुमारे १४ ते १८ अंश सेल्सियसला आंबवितात; तांबड्यासाठी सालींसह, २४ ते ३० अंशांवर. मात्र एक हिशेब बागायतदाराने स्वतः करून पाहावा. एक किलो द्राक्षांपासून अदमासे ६५० मिलिलिटर वाइन मिळते. पाच टनांची सुमारे ३,२५० लिटर, म्हणजे ७५० मिलिलिटरच्या ४,३०० बाटल्या. आंबताना साली वर येतात व फेस होतो, म्हणून तांबड्याची टाकी पाऊण भागापेक्षा अधिक भरता येत नाही. एका एकराच्या मालासाठी मिळणाऱ्या वाइनच्या मापाहून बरीच मोठी टाकी तोडीच्या दिवशी रिकामी हवी.

रिकामी या शब्दावर जोर आहे. २००१ साली राज्य शासनाने द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले; विंचूर व पलूस येथे वाइन पार्क झाले, लहान वायनऱ्या निघाल्या आणि लागवड झपाट्याने वाढली. २००८ च्या अखेरीस जागतिक मंदी व मुंबईवरील हल्ला यांमुळे हॉटेलांतील खप घसरला. पुढील हंगामांत जुनी वाइन टाक्यांत पडून राहिली आणि नव्या मालास जागा उरली नाही. करार हातात असूनही अनेकांची द्राक्षे वेलीवर राहिली, आणि कित्येकांनी बागा काढून पुन्हा खाण्याच्या जाती लावल्या. खाण्याच्या द्राक्षांचा एक व्यापारी फिरला तर दुसरा मिळतो. शिराजच्या घडास वायनरीखेरीज गिऱ्हाईक नाही. बेदाणाही त्याचा होत नाही.

म्हणून पारख संपल्यावर यजमानांना विचारावयाचे प्रश्न पैशाचे असावेत, व ते संकोच न करता विचारावेत. गेल्या सालची किती वाइन टाकीत शिल्लक आहे? दर ब्रिक्सवर ठरतो काय, आणि मोजणी कोणासमोर होते? तोडीचा दिवस कोण ठरवितो, व त्यांनी उशीर केल्याने वजन घटले तर तूट कोणाची? रक्कम किती दिवसांत मिळते? तांबडी वाइन विकण्यापूर्वी वर्षभर किंवा अधिक मुरवत ठेवावी लागते. तोवर मालकाचा पैसा अडकतो, आणि मालकाचा पैसा अडकला की बागायतदाराचाही अडकतो. आमच्या यजमानांनी टाक्यांवर टकटक करून कोणती भरली व कोणती रिकामी हे ऐकविले. असा मोकळेपणा सर्वत्र मिळेल असे नाही. जेथे मिळत नाही, तेथे त्या वायनरीस आधीपासून माल घालणाऱ्या दोघा-तिघांना त्यांच्या बांधावर जाऊन भेटावे.

भेटीसाठी तोडीच्या ऐन गर्दीतील सकाळ टाळून दुपारनंतरची वेळ यजमानांच्या संमतीने ठरवावी. वीसपेक्षा अधिक मंडळी नेऊ नयेत. अल्पवयीन मुलांना पारखीस बसवू नये आणि गाडी चालविणाऱ्याच्या हाती पेला देऊ नये. जात व खुंट यांच्या निवडीविषयी मांजरी, पुणे येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राचा सल्ला घेता येईल. आमच्या चौदांपैकी दोघांनी लागवडीचा विचार कायम ठेवला आहे. त्यांनी कराराचा मसुदा मागविला असून तो तालुका कृषी कार्यालयात वाचून झाल्यावरच खुंटरोपांची मागणी नोंदवावयाची, असे ठरले आहे.