चिकाच्या डागानंतर निस्तेज झालेला मोटारीचा रंग

प्रश्न : आंब्याखाली उभ्या केलेल्या मोटारीवरील चीक खरवडून काढल्यावर तेथील रंग निस्तेज व ओरखडलेला दिसतो. पूर्वीची चकाकी परत येऊ शकते का?

उत्तर : मोटारीच्या रंगावर ‘क्लिअर कोट’ हा पारदर्शक संरक्षक थर असतो आणि त्याची जाडी साधारणतः ४० ते ५० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या विसाव्या भागाच्या आसपास असल्याने, उपाय ओरखड्याच्या खोलीवर ठरतो. ओरखड्यावरून आडवे फिरवलेले नख अडकत नसेल, तर इजा बहुधा याच थरापुरती असते. अशा वेळी गाडी धुऊन, उरलेला चीक आयसोप्रोपिल अल्कोहोलने भिजवून पुसावा. नंतर सावलीत, पत्रा थंड असताना, रबिंग कंपाऊंड, म्हणजे बारीक घर्षक कण असलेला लेप, फोमच्या पॅडने हलक्या दाबाने फिरवावा, त्यामागून अधिक बारीक पॉलिश लावावे आणि शेवटी वॅक्सचा हात द्यावा. प्रत्येक घासणीत संरक्षक थर थोडा झिजतो, म्हणून ओरखडा पुसट झाल्यावर थांबणे श्रेयस्कर ठरते. नख अडकत असेल किंवा खालचा प्रायमर उघडा पडला असेल, तर पॉलिशचा उपयोग नसून टच-अप किंवा नव्याने रंगकामच करावे लागते.