एका खोलीची शाळा : स्मरण व बोध

जिल्ह्यातील अनेक खेड्यांत आजच्या वृद्धांनी मुळाक्षरे गिरविली ती एका खोलीच्या व एकाच शिक्षकाच्या शाळेत. खोली नसे तेथे मारुतीच्या देवळात, चावडीत अथवा एखाद्या घराच्या पडवीत शाळा भरे. अमेरिका व कॅनडा येथील गवताळ मैदानांतील खेड्यांतही एकेकाळी अशाच शाळा होत्या. तेथे आठ इयत्ता एका खोलीत बसत.

या शाळांतील अध्यापनाची रीत ध्यानात घेण्याजोगी आहे. गुरुजी पहिलीला अक्षरे गिरविण्यास देत, दुसरीला पाढे म्हणावयास लावीत, तिसरीला शुद्धलेखन घालीत आणि मग चौथीचे गणित हाती घेत. चौथीतील एखादा हुशार मुलगा लहानांच्या पाट्या तपाशी. त्यामुळे त्याचे स्वतःचे ज्ञान पक्के होई व लहानांच्या कानांवर पुढचा पाठ आपोआप पडे. परंतु त्याचा स्वतःचा पाठ मागे राही. आणि गुरुजी आजारी पडले की शाळेस कुलूप लागे. म्हणूनच १९८७ च्या खडू-फळा मोहिमेत किमान दोन खोल्या व दोन शिक्षक हे उद्दिष्ट ठरले. २०१० साली अमलात आलेल्या शिक्षण हक्क कायद्यानेही साठपर्यंत पटाच्या प्राथमिक शाळेस दोन शिक्षक ठरविले.

जुन्या शाळेचे स्मरण करताना एक गोष्ट वगळता येणार नाही. अस्पृश्य मानलेल्या मुलांना देवळात प्रवेश नव्हता. शाळा देवळात भरली तर त्यांना बाहेरच बसावे लागे. सार्वजनिक शाळा सर्वांस खुल्या असाव्यात, असा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदे कौन्सिलात १९२३ साली संमत झाला. तरी देवळाचा उंबरठा आड येतच राहिला. मुलींचेही असेच. नगर शहरातील मिस फॅरार यांची मुलींची शाळा पाहून जोतीराव फुले यांनी १८४८ साली पुण्यात मुलींसाठी शाळा काढली. खेड्यांतील मुलींना मात्र दीर्घकाळ वाट पाहावी लागली. यास्तव सर्वांसाठी दार उघडे ठेवणारी, शाळेची स्वतःची एक खोली, ही गावाची मोठी कमाई होय.

शिक्षकांनी पुढील उपक्रम करून पाहावा :

१. जनरल रजिस्टराची जुनी पाने वाचावीत. पहिली मुलगी कोणत्या वर्षी दाखल झाली व कोणाचे नाव कोणत्या कारणाने कमी झाले, हे टिपावे.

२. चौथीच्या मुलांना वृद्धांकडे पाठवून, शाळेत कोण कोठे बसत असे, हे विचारण्यास सांगावे. शाळेत कधीच न गेलेल्यांनाही विचारावे.

३. मिळालेली माहिती मुलांच्याच शब्दांत लिहवून शाळेत जपून ठेवावी.

खोलीबाहेर कोण राहिले, हा प्रश्न आजही संपलेला नाही. ऊसतोडीच्या हंगामात पाथर्डी तालुक्यातील एखादे मूल आईबापांबरोबर निघून जाते, तेव्हा हजेरीपत्रकातील त्याच्या नावापुढे तोच प्रश्न उभा असतो.