घटक ४ : दोषनिदानपर लेखन – निरीक्षण, अनुमान आणि निष्कर्ष

४.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपणांस
• निरीक्षण, अनुमान आणि निष्कर्ष यांतील फरक सांगता येईल;
• क्रियापदाच्या रूपांतून विधानाची खात्री व्यक्त करता येईल;
• यंत्राच्या बिघाडाची क्रमवार टिप्पणी लिहिता येईल.

४.२ प्रस्तावना

बिघाडाचे वर्णन चुकले, तर भलताच भाग बदलला जातो. पैसे जातात आणि बिघाड तसाच राहतो. म्हणून व्यावहारिक मराठीत दोषनिदानपर लेखनाचा स्वतंत्र विचार करावा लागतो. उदाहरणासाठी आपल्या परिचयाचे वाहन घेऊ. कायनेटिक इंजिनिअरिंग कंपनीने १९७२ साली बाजारात आणलेली लूना ही मोपेड अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) येथील कारखान्यात तयार होत असे. अशी एक जुनी लूना पावसाळाभर पडवीत उभी राहिली आणि दिवाळीत चालू होईना, असे समजू.

४.३ बिघाडाचे स्वरूप

इंजिन चालू होण्यास हवा व पेट्रोल यांचे योग्य मिश्रण, त्यावर पुरेसा दाब आणि योग्य क्षणी पडणारी ठिणगी या तीन गोष्टी लागतात. लूनाच्या टू-स्ट्रोक इंजिनासाठी पेट्रोलमध्ये ऑइल मिसळलेले असते. गाडी दीर्घकाळ उभी राहिली, की कार्बोरेटरच्या वाटीतील पेट्रोल उडून जाते. ऑइल व चिकट थर मागे राहतो आणि जेटचे बारीक छिद्र तुंबते. त्यामुळे अशा वेळी पहिला संशय इंधनमार्गावर जातो. परंतु संशय म्हणजे निदान नव्हे.

४.४ क्रियापद आणि खात्री

‘प्लग कोरडा आहे’ आणि ‘प्लग गेला आहे’ ही विधाने रचनेने सारखीच निश्चयात्मक आहेत. पहिले डोळ्यांनी पाहिलेले आहे. दुसरे बहुधा अंदाजाने केलेले असते. वाक्यरचना हा भेद झाकते, आणि घाईत नवा प्लग विकत घेतला जातो. मराठीत हा भेद दाखवण्याची सोय मात्र आहे. ‘असेल’ केवळ शक्यता सुचवते, विध्यर्थी ‘असावा’ पुराव्यावर आधारलेला तर्क सांगते, ‘असणार’ जवळजवळ खात्री दर्शवते. ‘आहे’ किंवा ‘होता’ हे रूप पडताळ्यानंतरच वापरावे.

४.५ नमुना टिप्पणी

१. टाकीतील जुने पेट्रोल काढून ऑइल मिसळलेले ताजे पेट्रोल भरले. कॉक उघडून चोक दिला. पायडल मारूनही गाडी चालू झाली नाही.
२. प्लग काढून पाहिला. तो कोरडा आहे. पेट्रोल सिलिंडरपर्यंत पोचत नसावे.
३. आसपास पेट्रोल सांडलेले नाही याची खात्री केली. प्लग टोपणात बसवून, सिलिंडरच्या छिद्रापासून दूर, इंजिनच्या धातूला टेकवला व पायडल फिरवले. निळी ठिणगी स्पष्ट दिसते.
४. कार्बोरेटरकडील नळी सोडवून पेट्रोल भांड्यात धरले. धार नीट येते. दोष कार्बोरेटरमध्ये असणार.
५. कार्बोरेटर उघडला. वाटीत चिकट थर होता व जेट तुंबलेला होता. जेट धुऊन हवा मारली. गाडी चालू झाली.

‘नसावे’, ‘असणार’, ‘होता’ हा क्रम लक्षात घ्या. प्रत्येक तपासणीने एक शक्यता वगळली, तसतशी क्रियापदातील खात्री वाढत गेली.

४.६ गॅरेजमधील शब्द

मेकॅनिक ‘ठिणगी पडत नाही’ असे न म्हणता ‘करंट येत नाही’ म्हणतो. हा शब्द अशुद्ध समजू नये. ‘प्लगला’, ‘जेटमध्ये’ या रूपांप्रमाणे तोही मराठीचे प्रत्यय घेऊन भाषेत रुळला आहे. टिप्पणी ज्याच्यासाठी लिहायची, त्याला समजणारा शब्द निवडावा आणि तो शेवटपर्यंत एकाच अर्थाने वापरावा.

४.७ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. वरील नमुन्यात प्लग कोरडा नसून पेट्रोलने ओला निघाला असता, तर कोणते अनुमान निघाले असते? ‘असावा’ किंवा ‘नसावे’ हे रूप वापरून लिहा.
२. आपल्या घरातील बंद पडलेल्या एखाद्या वस्तूची पाच टप्प्यांची टिप्पणी लिहा. प्रत्येक विधान निरीक्षण, अनुमान की निष्कर्ष, ते समासात नोंदवा.