मोबाईलची बॅटरी : जुने नियम आणि नवे शास्त्र

पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यात बॅटरी ही वस्तू कोणाला परकी नाही. आज एक्साइड या नावाने ओळखला जाणारा चिंचवडचा बॅटरी कारखाना १९६९ सालचा. ट्रकची, रिक्षाची, इन्व्हर्टरची बॅटरी कशी सांभाळावी हे इथल्या अनेक घरांत वडीलधाऱ्यांना तोंडपाठ असते. परंतु तेच नियम आपण खिशातल्या मोबाईललाही लावतो आणि नकळत त्याचे आयुष्य कमी करतो.

हा प्रश्न किरकोळ नाही. बँकेच्या काउंटरवर आम्हाला हे नेहमी दिसते. ओटीपी यायचा असतो आणि नेमका त्याच वेळी फोन बंद पडतो. पगाराचा संदेश, यूपीआयचा व्यवहार, पाळीचा निरोप, मुलांचा अभ्यास हे सर्व त्या एका यंत्रावर चालते. हप्त्याने घेतलेल्या फोनचे हप्ते फिटण्याआधीच बॅटरी थकली, तर नुकसान दुहेरी होते.

विद्यार्थी मित्रांनी प्रथम बॅटरीचे प्रकार ध्यानात घ्यावेत. गाडीची किंवा इन्व्हर्टरची बॅटरी बहुधा शिसे आणि आम्लाची असते. ती उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली की शिशाच्या पट्ट्यांवर सल्फेटचा कठीण थर बसतो. म्हणून ती सदैव भरलेली ठेवावी, हा वडीलधाऱ्यांचा नियम अगदी बरोबर आहे. दुसरा प्रकार निकेल-कॅडमियमचा. सुरुवातीच्या काळातील अनेक मोबाईलमध्ये निकेलच्या बॅटऱ्या असत. त्या पूर्ण उतरवून मगच भराव्यात, नाहीतर क्षमता घटते, असे सांगितले जाई. तिसरा प्रकार लिथियम-आयन. सोनी कंपनीने ही बॅटरी १९९१ मध्ये बाजारात आणली आणि तिच्या संशोधनासाठी गुडइनफ, व्हिटिंगहॅम व योशिनो या तिघांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. आजच्या मोबाईलमध्ये हीच असते. आकुर्डीच्या बजाजने चेतक विजेवर आणली, तिच्यातही हीच.

लिथियमला मात्र वरीलपैकी एकही नियम लागू पडत नाही. तिला मधली अवस्था मानवते. भरताना लिथियमचे कण एका बाजूच्या ग्रॅफाइटमध्ये जाऊन बसतात, वापरताना परत फिरतात. शंभर टक्के भरल्यावर घटाचा दाब ४.२ व्होल्ट किंवा त्याहून थोडा अधिक होतो. गच्च भरलेल्या पीएमपीच्या बसमध्ये जशी ओढाताण होते, तशीच आत नको त्या रासायनिक क्रिया वाढतात आणि उपयोगी लिथियम हळूहळू कायमचे अडकून पडते. उलट टोकाला, अगदी रिकामी बॅटरी आठवडेच्या आठवडे ठेवली तर ती पुन्हा भरेलच याची खात्री नाही. म्हणून साधारण २० ते ८० टक्क्यांच्या दरम्यान फोन वापरावा. चहाच्या सुट्टीत थोडा, जेवणाच्या सुट्टीत थोडा असा भरला तरी काही बिघडत नाही. पुष्कळांना वाटते की चार्जर लावला की एक आवर्तन संपले. तसे नसते. आज ५० टक्के आणि उद्या ५० टक्के भरले, तर दोन्ही मिळून एकच आवर्तन होते. अ‍ॅपलच्या सांगण्यानुसार आयफोन १४ पर्यंतच्या फोनची बॅटरी ५०० पूर्ण आवर्तनांनंतर आणि आयफोन १५ पासूनची १००० आवर्तनांनंतर मूळ क्षमतेच्या ८० टक्के उरावी, अशी रचना आहे.

रात्रभर चार्जर लावण्याने फोन फुटतो, ही भीती फोन व चार्जर चांगले असतील तर अवास्तव आहे. भरल्यावर फोन स्वतःच प्रवाह थांबवतो. तोटा होतो तो तासन् तास शंभर टक्क्यांवर राहिल्याने. यासाठी अनेक फोनमध्ये एक सोय असते. मालक केव्हा उठतो हे फोन शिकतो, ८० वर थांबतो आणि उठण्याच्या सुमारास उरलेले भरतो. पण आपल्याकडे पहिली, दुसरी, तिसरी पाळी आठवड्याला बदलते. फोनने शिकावे तरी काय! अशा कामगारांनी या सोयीवर विसंबू नये. सेटिंगमध्ये ८० टक्क्यांची कायम मर्यादा असेल तर ती लावावी. लांबच्या प्रवासाला निघताना शंभर टक्के भरण्यास हरकत नाही.

माझ्या मते आपल्या भागात खरा शत्रू उष्णता हा आहे. सभोवतालचे तापमान ३५ अंशांच्या वर गेले की बॅटरीची क्षमता कायमची घटू शकते, आणि एप्रिल-मे मध्ये ते रोजचेच. पत्र्याच्या खोलीत उशीखाली चार्जिंग, दुचाकीच्या दांड्यावर भर उन्हात नाशिक रस्त्याने नकाशा पाहत जाणे, चार्जिंग चालू ठेवून खेळ खेळणे, या तिन्ही सवयी सोडाव्यात. फोन तापत असेल तर चार्जिंगच्या वेळी कव्हर काढावे. कारखान्याच्या लोखंडी शेडमध्ये सिग्नल क्षीण असतो. तेथे फोन टॉवर गाठण्यासाठी अधिक शक्ती खर्च करतो. लॉकरमध्ये ठेवताना फ्लाइट मोड लावला तर पाळी सुटेपर्यंत बॅटरी टिकते.

चार्जर घेताना भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह व नोंदणी क्रमांक पाहावा. पन्नास-शंभर रुपये वाचवण्याची ही जागा नव्हे. फोनची पाठ फुगलेली दिसली तर तो ताबडतोब बंद करावा, चार्जिंगला लावू नये, दाबू किंवा टोचू नये. जुनी बॅटरी घंटागाडीत टाकू नये. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम २०२२ नुसार ती इतर कचऱ्यापासून वेगळी ठेवून संकलन केंद्रात द्यावयाची असते.

फोन बाकी ठीक असेल आणि केवळ दिवस निघत नसेल, तर नव्या फोनसाठी कर्जाची चौकशी करण्याआधी अधिकृत दुकानात बॅटरी बदलण्याचा खर्च विचारावा. बहुतेक वेळा तो नव्या फोनच्या किमतीपेक्षा पुष्कळच कमी असतो. फोन देण्यापूर्वी त्यातील छायाचित्रे व नंबर यांची प्रत काढून ठेवावी आणि यूपीआयचा पिन कोणालाही, अगदी दुरुस्त करणाऱ्यालाही, सांगू नये.