वारांचे शुभाशुभत्व : उत्पत्तीचा विचार

शनिवारी तेल, मीठ वा लोखंड घरात आणू नये, केस कापू नयेत. मंगळवारी नव्या कार्यास आरंभ करू नये, असे नियम आजही अनेक घरांत पाळले जातात. वार पाहून रुग्णाची शस्त्रक्रिया पुढे ढकलणारे कुटुंबीय आढळतात. पत्रिकेत मंगळ आहे एवढ्यावरून गुणी मुलीस नकार देणारेही आढळतात. हे सर्व अनादी व ऋषिप्रणीत आहे, असा सर्वसाधारण समज आहे. तो कितपत खरा, हे पाहणे अवश्य आहे.

कालाची इतर अंगे आकाशात दिसतात. पौर्णिमा-अमावास्या गुराख्यालाही कळते. चंद्र कोणत्या नक्षत्री आहे हे डोळ्यांनी पाहता येते. परंतु आज बुधवार की गुरुवार, हे सांगणारी एकही खूण आकाशात नाही. वार हा केवळ मोजणीने चालतो. मोजणी विसरली की वार हरवला. वेदांगज्योतिषात तिथी व नक्षत्रे आहेत, वार नाहीत. महाभारतात ग्रहनक्षत्रांवरून सांगितलेले अपशकुन पुष्कळ आहेत, परंतु त्यांतही वार येत नाही. ही गोष्ट शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी आपल्या 'भारतीय ज्योतिषशास्त्र' (१८९६) या मराठी ग्रंथात स्पष्टपणे दाखविली आहे. मध्य प्रदेशातील एरण येथील बुधगुप्ताच्या स्तंभलेखात गुप्त संवत् १६५, आषाढ शुद्ध द्वादशी, गुरुवार असा उल्लेख आहे. हा दिवस इ. स. ४८४ मधील जूनचा होय. वारासहित कालनिर्देश करणाऱ्या भारतीय कोरीव लेखांत हा अगदी जुन्यांपैकी गणला जातो.

मग वारांचा क्रम आला कोठून? रवीनंतर चंद्र, चंद्रानंतर मंगळ, हा क्रम ना तेजाचा, ना आकाराचा, ना गतीचा. त्याचे रहस्य 'होरा' या शब्दात आहे. पृथ्वी मध्यभागी मानून प्राचीनांनी ग्रह मंदगतीपासून शीघ्रगतीपर्यंत असे लावले : शनि, गुरु, मंगळ, रवि, शुक्र, बुध, चंद्र. अहोरात्राचे चोवीस भाग करून प्रत्येक भागास, म्हणजे होरेस, या क्रमाने एकेक अधिपती दिला. पहिल्या होरेचा जो स्वामी तोच त्या दिवसाचा स्वामी. शनीपासून आरंभ केल्यास एकविसाव्या होरेपर्यंत तीन आवर्तने पुरी होतात. बावीस, तेवीस, चोवीस या होरा शनि, गुरु व मंगळ यांच्याकडे जातात, आणि पंचविसावी, म्हणजे दुसऱ्या दिवसाची पहिली, रवीकडे येते. म्हणून शनिवारानंतर रविवार. आर्यभटानेही दिनाधिपती याच चौथ्या-चौथ्याच्या रीतीने सांगितले आहेत.

येथे एक गोष्ट मुद्दाम पडताळून पाहावी. आपल्या देशात अहोरात्राचे साठ घटिका हे विभाग रूढ होते. घटिकांना अधिपती दिले असते तर साठास सातांनी भागून चार उरले असते, आणि शनिवारानंतर शुक्रवार आला असता. तसा तो येत नाही. अर्थात वारांचा पाया चोवीस तासांचे गणित हाच आहे. 'होरा' हा शब्दही ग्रीक. 'अहोरात्र' शब्दाची आद्यंत अक्षरे गाळून तो साधल्याचे मत वराहमिहिराने नोंदविले आहे खरे, परंतु ती व्युत्पत्ती ओढूनताणून केलेली दिसते. इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या इटलीतील पॉम्पेई नगराच्या भिंतीवर शनीपासून आरंभ करून वारांची यादी कोरलेली सापडली आहे. तिसऱ्या शतकातील रोमन इतिहासकार डिओ कॅसियस याने ही पद्धती इजिप्तची म्हणून सांगितली आणि होरांचे वरील गणितही दिले.

क्रम समजला, आता त्यातील अशुभत्व. दुसऱ्या शतकातील टॉलेमीने शनि थंड व कोरडा, मंगळ दाहक व कोरडा, म्हणून दोघेही अपायकारक ठरविले. शनि सर्वांत दूर व मंद. राशिचक्र फिरण्यास त्याला सुमारे साडेएकोणतीस वर्षे लागतात. मंगळ तांबडा दिसतो, म्हणून रक्त, अग्नी व युद्ध त्याच्या माथी आले. तो तांबडेपणा त्याच्या मातीतील गंजलेल्या लोखंडाचा आहे, हे आज सर्वविदित आहे. मुलीच्या विवाहाआड येणारा दोष असा गंजाच्या रंगातून निघाला.

शंका : मूळ कोठलेही असो, शनीच्या स्वामित्वाचा काही प्रभाव त्या दिवशी असणारच.

समाधान : त्याच गणिताने मोजावे. शनिवारी शनीच्या होरा चार, गुरूच्याही चार आणि मंगळाच्याही चार, उरलेल्यांच्या तीन-तीन. शुभ मानल्या गेलेल्या गुरुवारी शनीच्या होरा तीन. एका होरेच्या अंतरावर एक दिवस शुभ व दुसरा अशुभ! शिवाय तोच शनिवार यहुदी समाजात परम पवित्र विश्रांतीचा दिवस आहे. शुक्रवार आपल्याकडे लक्ष्मीचा, मुसलमानांत सामुदायिक नमाजाचा, तर ख्रिस्ताच्या वधस्तंभामुळे युरोपात अनेकांना अनिष्ट वाटणारा. ग्रीक लोक मंगळवारास भितात, त्याचे एक कारण असे सांगतात की कॉन्स्टँटिनोपल नगर २९ मे १४५३ रोजी, मंगळवारी पडले. त्या भीतीत मंगळ ग्रहाचा संबंधही उरलेला नाही.

आणखी एक अडचण आहे. वार सुरू केव्हा होतो? पंचांगाप्रमाणे सूर्योदयाला, यहुदी परंपरेत सूर्यास्ताला, सरकारी दप्तरात मध्यरात्री. प्रशांत महासागरातील सामोआ देशाने २०११ च्या डिसेंबरात व्यापाराच्या सोयीसाठी दिनरेषेची बाजू बदलली. तेथे २९ तारखेच्या गुरुवारानंतर एकदम ३१ तारखेचा शनिवार उजाडला, आणि अख्खा शुक्रवार कोणीही न भोगता गेला. आपल्याकडेही पहाटे तीन वाजता जन्मलेले मूल पंचांगात शुक्रवारचे असते आणि नगरपालिकेच्या नोंदीत शनिवारचे. शनीने त्या मुलाकडे कोणत्या वहीवरून पाहावे, हे अद्याप कोणत्याही ज्योतिष्याने सांगितलेले नाही.